घट बसले त्या वर्षी

रेणापूर हे रेणुकामातेचं गाव. लेक सासरी निघाली, सुगी पदरात पडली, घरात कुणी अंथरुणाला खिळलं, की इथली बाई आधी देवळाची वाट धरते. माझ्या आईसाठी तर देवी म्हणजे घरातलंच थोरलं माणूस होती. भाजीत मीठ जास्त झालं तरी ती देवीला सांगायची. देवावर विश्वास ठेवणं म्हणजे काय, हे मी या बाईकडून शिकले, आणि तेही तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट पंधरवड्यात.

१९९३ सालची अनंत चतुर्दशी. गावोगावचे गणपती विसर्जन करून माणसं उशिरा निजली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं असताना जमीन हलली. आमच्याकडे फळीवरची भांडी खाली आली. सगळी गल्ली अंगणात. उजाडल्यावर कळलं, किल्लारीकडं फार वाईट झालंय. माझी थोरली बहीण, आक्का, त्याच भागातल्या एका गावात दिली होती.

बाबा आणि मी मिळेल त्या गाडीनं निघालो. गाव होतं तिथं दगड-मातीचे ढीग होते. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती जाडजूड, चिखलात रचलेल्या दगडांच्या. वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहतं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तशीच घरं बांधली. त्याच माळवदाखाली झोपेतली माणसं गाडली गेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार. त्यात आक्का होती, तिची धाकटी मुलगी होती. दाजी वावरात जागलीला गेले होते, आणि थोरला मुलगा विसर्जनाहून येऊन बाहेर ओट्यावर आडवा झाला होता, म्हणून दोघं वाचले. चिता एकेकट्या रचायला लाकडं नव्हती. आक्काला आणि तिच्या लेकीला गावातल्या इतरांबरोबरच अग्नी दिला.

दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा लागला. भेटायला येणारा जो तो कारण घेऊन यायचा. कुणी म्हणे मागच्या जन्मीचं देणं, कुणी म्हणे पाप वाढलं, कुणी म्हणे देव परीक्षा बघतो. अभियंते सांगत होते की भिंती आणि माळवदांमुळं इतकी माणसं गेली. ते खरं होतं, आणि पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवताना घरं वेगळ्या तऱ्हेनं बांधली गेली, हेही चांगलंच झालं. पण थोरला बाहेर निजला आणि धाकटी आईच्या कुशीत आत निजली, ते का, याचं उत्तर कुणापाशीच नव्हतं. एका कीर्तनकारबुवांनी तेरच्या गोरोबाकाकांची कथा सांगितली. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना पोटचं लेकरू पायाखाली गेलं, आणि विठ्ठलानं ते परत दिलं. आई शांतपणे म्हणाली, "बुवा, त्यांचं परत आलं. माझी यायची न्हाईत. मला ह्याच्या पुढचं सांगा." बुवा भले माणूस होते. ते काही बोलले नाहीत, तिच्याजवळ बसून राहिले.

१६ ऑक्टोबरला घटस्थापना. भावकीतल्या बायका म्हणाल्या, यंदा राहू द्या. मीही म्हणाले, "आक्का गेली तेव्हा जिनं हात पुढं केला नाही, तिच्यापुढं दिवा कशाला लावायचा?" आई न बोलता वावरात गेली, पदरात काळी माती घेऊन आली, ती चाळली, पत्रावळीवर पसरली, धान्य पेरलं, मधोमध घट ठेवला. नंदादीप लावला. माती चाळताना तिचा हात थांबत होता. त्या हाताला काय आठवत होतं ते मला दिसत होतं.

त्या रात्री आई देवापुढं बसून बोलत होती. आरती नव्हती, नवस नव्हता. ती देवीशी भांडत होती. "तुला दिसलं न्हाई का? निजलेलं लेकरू तुझ्या डोळ्याला पडलं न्हाई का?" बराच वेळ. मग रडली. मी जवळ गेले आणि विचारलं, "एवढा राग आहे तर घट का बसवलास?"

ती म्हणाली, "अगं, हिचं मुंडकं हिच्या पोटच्या पोरानं उडवलं, नवऱ्याच्या सांगण्यावरनं. हिनं तरी काय केलं होतं? पुन्हा उठली म्हणतात. उठली खरी, पर घाव तर सोसलाच की. जिला घाव ठाऊक हाय तिच्यापाशी न्हाई रडायचं, तर कुणापाशी?"

रेणुकेची कथा मी लहानपणापासून ऐकत आले होते. परशुरामाची आज्ञाधारकता, जमदग्नींचा कोप, शेवटी मिळालेला वर, यातच ती माझ्या डोक्यात बसली होती. मान पुढं केलेल्या बाईकडं आईनं मला पहिल्यांदा बघायला लावलं.

आक्काच्या थोरल्याला आईनं रेणापूरला आणलं, वाढवलं, शिकवलं. 'त्यातूनही काही चांगलंच निघालं' असं ती कधी म्हणाली नाही, कुणाला म्हणूही दिलं नाही. २०१६ साली, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं त्या दुष्काळात, त्याचं सलग दुसऱ्या वर्षी पीक हातचं गेलं. तो देवळात जायचा बंद झाला, घरातही बोलेना. आई तेव्हा फार थकली होती. तिनं त्याला जवळ बसवून एवढंच सांगितलं, "तिच्यावर राग धर. शिव्या दे. पर बोलणं तोडू नको. आमच्याशीबी तोडू नको." त्या रात्री तो कर्जाचा आकडा पहिल्यांदा घरात मोठ्यानं बोलला, आणि आम्ही सगळे मिळून हिशेबाला बसलो.

आई आता नाही. दुःखात बुडालेल्या घरी जायची वेळ माझ्यावरही येते. तिथं मी कारण सांगत नाही. देवाच्या मनातलं मला कळतं असं म्हणणं, हा देवाचाही अपमान आहे आणि त्या घरातल्या माणसांचाही. समजलं म्हणून ठेवला तो विश्वास सोपा. आईचा विश्वास न समजलेल्या जागी उभा होता आणि त्यात तक्रारीलाही जागा होती. आक्का का गेली, ते मला आजही कळलेलं नाही. तरी दरवर्षी मी घट बसवते, आणि त्या प्रश्नासकट देवीपुढं बसते. तो प्रश्न ऐकून ती मला दूर लोटणार नाही, एवढी माझी खात्री आहे.