आधी नाव विचार

चि. मुग्धास,


परवा तू फोनवर जे विचारलंस त्याचं उत्तर लिहूनच कळवते. असलं बोलणं फोनवर अर्धंच कानात शिरतं आणि उरलेलं अर्धं भीती भरून काढते. हे पत्र मी छापायलाही देते आहे. तुझं नाव बदललंय, तेव्हा चिडू नकोस. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात तुझ्यासारख्या पुष्कळ जणी असणार, आणि प्रत्येकीला औषधांच्या दुकानात आयुष्य काढलेली मावशी असेलच असं नाही.

तुझी यादी मी टिपून घेतली होती. सातवा आठवडा. अंबरनाथला एमआयडीसीत क्यूसी लॅबची नोकरी, तिथे रोज सॉल्व्हंटशी गाठ. दिवस गेल्याचं कळायच्या आधी कंपनीच्या वार्षिक मेडिकलमध्ये काढलेला छातीचा एक्स-रे. सर्दी-अंगदुखीवर घेतलेल्या दोन गोळ्या, नाव आठवत नाही. आणि गेल्या आठवड्यात रात्री बदलापूरच्या कात्रपला घरात शिरलेला तो वास, ज्यामुळे अख्ख्या बिल्डिंगने खिडक्या लावून घेतल्या. या सगळ्यावर शेजारच्या वहिनींचा सल्ला: पहिलंच आहे, रिस्क कशाला घेता, पुढच्या वेळी बघा.

आधी त्या वहिनींच्या सल्ल्याचंच बोलते, कारण यादीतली सगळ्यात घातक गोष्ट मला तीच वाटली. एप्रिल 1986 मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. ग्रीस तिथून कितीतरी लांब. तिथपर्यंत पोचलेला किरणोत्सर्ग गर्भाला इजा करण्याइतका नव्हता, पण बातम्या, अफवा आणि स्वतःच गोंधळलेले डॉक्टर असं सगळं एकत्र आलं. पुढच्या वर्षी तिथल्या संशोधकांनी जन्मांचे आकडे तपासले, तेव्हा अंदाज निघाला की हवेसे असलेले सुमारे 2500 गर्भ निव्वळ धास्तीपोटी पाडले गेले. टोरोंटोच्या बालरुग्णालयात 1985 साली गरोदर बायकांच्या अशाच शंकांना उत्तरं देणारी 'मदररिस्क' नावाची सेवा सुरू झाली होती. तिथे विचारायला आलेल्या बायकांना उलट विचारलं गेलं, की बाळात मोठं व्यंग निघण्याची शक्यता तुम्हाला किती वाटते? ज्यांनी घेतलेलं औषध निरुपद्रवी होतं त्यांचाही अंदाज शंभरात पंचवीसच्या घरात गेला. खरा आकडा शंभरात तीनच्या आसपास असतो, आणि तो काहीही न घेतलेल्या, कुठेही न गेलेल्या बाईलाही चुकत नाही. (ही सेवा पुढे केसांच्या चाचण्यांच्या भलत्याच घोळात बदनाम होऊन 2019 मध्ये बंद पडली. पण हे निरीक्षण तिच्या खाती जमा आहे.)

म्हणजे भीती खोटी असते असं नाही. थॅलिडोमाइड 1957 साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलं, झोपेची निर्धोक गोळी म्हणून. गरोदर बायकांनी मळमळीवरही ते घेतलं. 1961 मध्ये ते मागे घेतलं गेलं, पण त्याच्यापायी जगभर दहा हजारांहून अधिक मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली. वार म्हणजे बाळाभोवतीची तटबंदी, आईच्या रक्तातलं वाईट काही आत जात नाही, ही समजूत तेव्हा मोडली. पण त्या धड्यातला दुसरा भाग लोक विसरतात. थॅलिडोमाइड पकडलं गेलं ते त्याला नाव होतं म्हणून. कोणत्या बाईने कोणत्या आठवड्यात कोणती गोळी घेतली हे डॉक्टरांना जुळवता आलं.

म्हणून 'हे सेफ आहे का?' या प्रश्नाला कोणीही प्रामाणिक माणूस हो किंवा नाही म्हणणार नाही. तो विचारेल: काय होतं, किती होतं, नाकातून की कातडीतून की पोटातून गेलं, आणि कोणत्या आठवड्यात. तुझा सातवा आठवडा शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेला, म्हणजे गर्भाचं वय साधारण पाच आठवडे. पाळी चुकण्याआधीच्या दिवसांत सहसा एकतर गर्भ टिकत नाही, नाहीतर काही न होता पुढे जातो. सध्याचे दिवस अवयव घडण्याचे आहेत. तेव्हा मागच्या महिन्याचं ओझं थोडं कमी कर आणि या महिन्याकडे नीट बघ.

एक्स-रेचं लगेच निकालात काढू. छातीच्या एका एक्स-रेमध्ये गर्भापर्यंत पोचणारी मात्रा 0.01 मिलीग्रेच्याही आत असते. व्यंगाची चिंता 50 मिलीग्रेच्या वर सुरू होते. हिशेब तुझा तू कर, विज्ञान शाखेची आहेस. सोनोग्राफीत तर हा किरणोत्सर्ग नसतोच.

गोळ्यांचं मात्र माझं जुनं दुखणं आहे. काउंटरवर संध्याकाळी गर्दीच्या वेळी एखादा तरुण नवरा यायचा, शर्टाच्या खिशातून पट्टीचा कापलेला तुकडा काढायचा आणि हळू आवाजात विचारायचा, "मिसेसला दिवस गेलेत, ही घेतली तर चालेल का?" तुकड्यावर दोन गोळ्या, मागच्या चंदेरी कागदावर एखादं अर्धं अक्षर आणि एमआरपीचा शेपटा. नाव, बॅच, घटक सगळं त्या दुसऱ्या तुकड्यावर, जो कोणत्या तरी दुकानात राहिलेला. यावर मी काय सांगणार? तुझ्या त्या दोन गोळ्या नुसत्या पॅरासिटामॉलच्या असतील तर विषय संपला. आयबुप्रोफेन असेल तर एवढ्याने काही बिघडलं नाही, पण पुढे घेऊ नकोस, विसाव्या आठवड्यानंतर तर नकोच. दुकानदाराकडे जा, बिल काढायला लाव, नाव लिहून घे. आणि हे वाचणाऱ्या बाकीच्या जणींना सांगते, फिट्सच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या भीतीपोटी मनाने बंद करू नका. थायरॉइड कमी असलेल्यांची मात्रा गरोदरपणात बहुधा उलट वाढवावी लागते. फिट्सच्या औषधांतलं व्हॅल्प्रोएट गर्भाला खरोखरच वाईट, पण ते बदलायचं ते डॉक्टरांनी, शक्यतो दिवस जाण्याआधीच. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनशी तर गंमत नाहीच. मुलगा होण्यासाठी म्हणून कोणी पुडी दिली तर ती थेट मोरीत.

आता तो वास.

आपल्याकडे ही काही पहिली रात्र नव्हे. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरात वडोल गावाजवळ वालधुनी नदीत टँकरने रसायन सोडलं आणि शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं. 3 जून 2021 च्या रात्री बदलापूरला शिरगावच्या एमआयडीसीतून वायू सुटला, लोकांचे डोळे चुरचुरले, दम लागला. सप्टेंबर 2024 मध्ये अंबरनाथला रस्ते धुरकटले, घसे धरले. दर वेळी बातमीत तेच दोन शब्द: 'उग्र दर्प'. पोटात बाळ असलेल्या बाईला त्या दर्पाचा काहीच उपयोग नसतो. तिला नाव हवं असतं, आणि टँकर रिकामा करून अंधारात निघून जाणारा नाव सांगून जात नाही.

नावाने एवढा फरक का पडतो ते बघ. आम्लाची वाफ, सल्फर डायऑक्साइड, क्लोरीन हे वायू डोळे, नाक, घसा, छाती यांना धरतात. ते रक्तातून बाळापर्यंत जात नाहीत. आईचा श्वास इतका बिघडला की तिलाच प्राणवायू कमी पडला, तर बाळाला झळ बसते. तुझे डोळे चुरचुरले, खोकला आला, सकाळपर्यंत सगळं निवळलं, दम लागला नाही. एवढ्यावरून बाळाला काही झालं असेल असं मला वाटत नाही. पण सॉल्व्हंट, शिसं, पारा, कार्बन मोनॉक्साइड यांची जात वेगळी. ती रक्तात उतरतात.

भोपाळच्या वायुगळतीचं नाव तू फोनवर काढलंस, म्हणून तेही सांगते. तिथे कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या 865 गरोदर बायकांची पाहणी 1987 साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 43 टक्के गर्भारपणांचा शेवट जिवंत बाळात झाला नाही. तिथली मात्रा आणि तुमच्या खिडकीतला वास यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, तेव्हा तो आकडा स्वतःला लावून घेऊ नकोस. मला त्यातलं दुसरं आठवतं: वायू नेमका कोणता आणि त्यावर उपचार कोणता, यावर तिथे वाद चालू राहिला आणि माणसं मरत होती. त्यानंतरच 1987 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन, धोक्याची माहिती कामगारांना आणि आजूबाजूच्या वस्तीला द्यायची असं ठरलं. ती माहिती तुमच्या नाक्यावर कधी लावलेली पाहिलीस? मी तरी पाहिली नाही.

खरं सांगू, मला त्या रात्रीपेक्षा तुझ्या दिवसाची जास्त काळजी आहे. एका रात्रीचा वास निघून जातो. लॅबमध्ये तू आठवड्याचे सहा दिवस उभी असतेस. तू अगदी सहज म्हणालीस, "डीएमएफ असतं, टोल्युइन असतं, नेहमीचंच." डीएमएफ म्हणजे डायमिथाइलफॉर्मामाइड. ते युरोपच्या यादीत गर्भाला इजा करू शकणाऱ्या रसायनांत मोडतं. त्याला वास फारसा नाही आणि ते कातडीतून शिरतं. तुमच्या लॅबमधल्या पातळ लॅटेक्सच्या किंवा निळ्या नायट्राइलच्या हातमोज्यांतून ते बघता बघता आरपार जातं. त्याला ब्यूटिल रबरचे हातमोजे लागतात. नाक मुरडायला लावणाऱ्या गोष्टीला आपण घाबरतो आणि डीएमएफला 'नेहमीचंच' म्हणतो. प्रत्येक रसायनाची सेफ्टी डेटा शीट तुमच्याकडे फाइलला असतेच, ऑडिटला दाखवायला का होईना. तिचा दुसरा भाग काढ आणि एच-360 किंवा एच-361 हे गर्भाच्या धोक्याचे आकडे शोध. टोल्युइनला एच-361 आहे. हे आकडे असलेल्या बाटल्यांपासून तू लांब राहायचं. साहेबांना लेखी दे, की बाळंतपणाच्या रजेपर्यंत डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर बसवा. तोंडी सांगशील तर हसून मान डोलावतील आणि सोमवारी पुन्हा तेच.

घरातल्याही दोन गोष्टी बघ. बाथरूममध्ये गॅस गिझर आहे ना, दार-खिडकी बंद करून त्याखाली आंघोळ करू नकोस. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, आणि बाळाच्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षा घट्ट चिकटतो आणि उशिरा सुटतो. दुसरी गोष्ट नाजूक आहे. तुझ्या सासूबाई मशेरी लावतात आणि हिरड्या ठणकल्या की तुलाही बोटभर देतात, असं तूच दिवाळीत सांगितलं होतंस. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. मुंबईतल्या 1217 गरोदर बायकांवरचा अभ्यास 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी निघाली, आणि दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. पपई आणि ग्रहण यांवर दोन्ही घरांत केवढी चर्चा झाली, त्या डबीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सासूबाईंना मी सांगते, तू मध्ये पडू नकोस.

तुला निदान डेटा शीट वाचता येते. तुमच्याच कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर पॅकिंग करणाऱ्या बाईला ती कोणी दाखवत नाही, आणि दिवस गेल्याचं ती शक्य तितकं लपवते, कारण सांगितलं तर उद्या गेटवरूनच परत. वालधुनीच्या प्रदूषणावर चाललेल्या खटल्यानंतर उल्हासनगरातली जीन्स धुण्याची युनिट बंद पडली, बरीच आजूबाजूच्या गावांकडे सरकली. तिथे ब्लीच आणि रंगाच्या पाण्यात हात घालणाऱ्या पोरीला टबात काय आहे विचारलंस तर ती म्हणेल, "केमिकल." हे पत्र छापायला देण्याचं कारण तीच आहे. आशाताई घरी येतात, वजन, लोहाच्या गोळ्या, लसी सगळं विचारतात. त्यांच्या वहीत 'काम काय करता आणि कशात हात घालता' असाही एक रकाना हवा, असं मला फार वाटतं.

विचारायचं कुठे? पहिल्यांदा तुझ्याच डॉक्टरीणबाईंना, पण लिहून नेलेल्या कागदावरून. इंग्लंड-अमेरिकेत फक्त याच शंकांसाठी सेवा आहेत. अमेरिकेतल्या सेवेचं नाव 'मदरटूबेबी', तिची माहितीपत्रकं इंग्रजीत फुकट वाचायला मिळतात, एकेका औषधाची, एकेका रसायनाची. रात्री कुठे गूगल करून रडत बसण्यापेक्षा ती वाच. खरोखर विषारी काही अंगावर किंवा पोटात गेलं, तर दिल्लीच्या एम्समध्ये 1995 पासून राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे. तिथे डॉक्टरही फोन करून विचारतात. ज्यांना खासगी परवडत नाही त्यांच्यासाठी दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची फुकट तपासणी असते. अंबरनाथचं छाया रुग्णालय किंवा उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय यांत जाऊन विचारावं. अठरा ते वीस आठवड्यांची ॲनोमली सोनोग्राफी चुकवायची नाही. फोलिक ॲसिड चालू ठेव.

पुन्हा वास आला तर खिडक्या बंद, एक्झॉस्ट बंद, ओला रुमाल, आणि दम लागला तर सकाळची वाट न बघता 108. किती वाजता आला, किती वेळ टिकला, वारा कुठून होता, हे लिहून ठेव आणि अग्निशमन दलाला फोन करून रसायनाचं नाव विचार. आग विझवायला जाताना त्यांना ते कळावंच लागतं.

शनिवारची अपॉइंटमेंट मी घेतली आहे, साडेअकराची. लोकलने ये, रिक्षाने हायवेवरून नको, खड्डे फार आहेत. येताना गोळ्यांचं बिल, मेडिकलचा कागद आणि शेवटच्या पाळीची तारीख आण. तुमच्या लॅबच्या कपाटातल्या बाटल्यांच्या लेबलांचे फोटो मात्र उद्याच पाठव, कॅस नंबर, म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक, स्पष्ट दिसला पाहिजे.

तुझी,
मावशी