भाडं, ठोकळे आणि बोंबील

मारुती ओम्नीच्या ड्रायव्हरला आपण इंजिनावर बसलो आहोत, हे मे महिन्यात वेगळं सांगावं लागत नाही. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं ते इंजिन पुढच्या सीटांच्या पोटात असतं आणि दुपारच्या फेरीला मांड्या भाजून काढतं. १९८४ साली ही गाडी ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली, १९८८ साली तिची ओम्नी झाली आणि २०१९ साली ती बनायची थांबली. मधल्या काळात हिंदी सिनेमाने तिला मुलं पळवणाऱ्यांची गाडी करून टाकलं. आमच्याकडची ओम्नी मुलं शाळेत पोचवायची.

बाबांची लाइन उत्तन ते भाईंदर. उत्तन, डोंगरी, मोर्वा, राई, मुर्धा असं करत पोरं भरायची आणि भाईंदर पश्चिमेच्या शाळांत उतरवायची. उत्तनच्या कोळ्यांकडून पावसाळ्याचं भाडं बाबा मागत नसत. मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, घरात आवक नाही. मागून मिळणार काय? होड्या पुन्हा दर्यात गेल्या की भाडं आपोआप यायचं. कुणाचं राहिलं तर राहिलं. याला बाबा उपकार वगैरे समजत नसत. ‘धंद्याची रीत’ म्हणत, आणि आई त्यावर काहीच म्हणत नसे.

एका वर्षी गाडी निळा धूर सोडायला लागली. ऑइल पीत होती. रिंग-पिस्टन गेले, बोअर करावा लागणार, हे बाबांना आवाजावरूनच कळलं. इंजिन उतरवून पुन्हा चढवायचे एका गॅरेजवाल्याने जे पैसे सांगितले, ते ऐकून बाबा चहा न पिता परत आले. मे महिन्याच्या सुट्टीत गाडी उभीच असते, शाळा सुरू व्हायच्या आत काम घरीच उरकू, असं त्यांनी ठरवलं. ही बातमी उत्तनला कशी पोचली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेस्त्री सायकलवरून दारात हजर.

मेस्त्री होड्यांच्या इंजिनांचं काम करायचे. त्यांची नात बाबांच्या गाडीतून शाळेत जायची. त्यांनी सीट, इंजिन काहीच पाहिलं नाही. अंगणात फिरत राहिले आणि टाचेने जमीन दाबून बघत राहिले. आमचं घर राईला, खाजणात भराव टाकून केलेल्या जागेवर. वरून फरशी, खाली चिखल. “पोरा, ही जमीन खोटी आहे,” ते मला म्हणाले. “गाडी स्टँडवर ठेवली तर त्याचा पाय फरशी फोडून आत जाईल.”

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून लाकडं आली. होडी किनाऱ्यावर उभी करताना तिच्या बुडाखाली देतात तसले जाड, जड ठोकळे, समुद्राचं पाणी पिऊन काळे पडलेले. आणि सोबत रुंद फळ्या. मला तेव्हा वाटलं होतं, विटा रचल्या की झालं. मेस्त्रींनी विटांचा ढीग बघून हातोडी मागितली आणि एका विटेच्या कोपऱ्यावर टोला घातला. तिचे तुकडे झाले. लाकूड दबतं, करकरतं, माणसाला बाहेर पडायला वेळ देतं. वीट काही सांगत नाही. ते एवढंच म्हणाले आणि विटा आईच्या तुळशीकडे लावून टाकल्या.

ओम्नीत सीट उलटली की प्लग हाताशी येतात, पण अख्खं इंजिन वरून निघत नाही. ते खाली उतरवून गाडीखालून ओढून काढावं लागतं. म्हणजे रिकामी गाडी, जवळपास आठशे किलोची, इंजिन खालून सरकेल इतकी वर हवी. मेस्त्रींनी बांबूच्या कांबीवर इंजिनाच्या उंचीची खूण केली, वर चार बोटं जास्त धरली आणि ती कांब भिंतीला टेकवून ठेवली. त्या खुणेपलीकडे एक इंचही उचलायचं नाही, कारण जितकं वर तितकं डुगडुगतं.

पुढची बाजू उचलायची होती. आधी मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकल्या. बाबा म्हणाले, “गाडी गिअरमध्ये आहे की.” मेस्त्री हसले. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रॉपेलर शाफ्टच आपण काढणार. मग गिअर धरणार कशाला? हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो, पण त्याच्या केबलवर ते रिकामी गाडीसुद्धा सोपवणार नव्हते.

मग फळी, फळीवर जॅक, जॅकचं डोकं चेसिसच्या पट्टीखाली; पातळ पत्र्याखाली नाही. थोडं डावीकडे उचलायचं, ठोकळा सरकवायचा. थोडं उजवीकडे, ठोकळा. एकावर एक आडवे-उभे रचत दोन्ही बाजूंना चौरस बुरूज तयार झाले. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. आतलं एक रबरी सील गेलं की तेल सरतं आणि गाडी बसते. गाडी ठोकळ्यांवर टेकल्यावर त्यांनी जॅक सैल केला आणि मला म्हणाले, “ढकल.” मी अंगाचा जोर लावला. “बापालाही बोलाव.” आम्ही दोघांनी ढकलली. गाडी हलली नाही. मगच ते खाली शिरले, आणि मला बाहेर उभं राहायचं काम दिलं. दुसरं काही करायचं नाही, फक्त ठोकळ्यांकडे बघायचं.

बाकीचं पटापट झालं. बॅटरीची तार काढली, पाणी आणि ऑइल काढलं, पेट्रोलच्या नळीला बूच मारलं, क्लच नि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबली सोडल्या. ऑइलचं पातळ भांडं चेपू नये म्हणून जॅक आणि इंजिनामध्ये फळी घातली, माउंटिंगचे बोल्ट सोडले, आणि इंजिन हळूहळू खाली येऊन एका जुन्या टायरवर बसलं. टायरखाली पत्रा होता. तो ओढला तसं ते गाडीखालून बाहेर आलं. इंजिन निघाल्यावर पुढचा भार कमी होतो, म्हणून त्यांनी पुन्हा एकदा गाडी ढकलायला लावली. ब्लॉक भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतल्या लेथवाल्याकडे बोअरला गेला. चढवतानाही हीच कवायत उलटी झाली आणि शाळा उघडायच्या आत गाडी रस्त्यावर आली.

मेस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. “पावसाळ्याचं भाडं फिटलं,” म्हणाले. बाबांना ते मुळीच पटलं नाही. त्यांच्या मते आता तेच देणेकरी झाले होते, आणि नातीचं पुढचं सगळं भाडं त्यांनी बंद करून टाकलं. मग मेस्त्रींना राहवेना. हिवाळ्यात वाळवणाच्या वलांडीवरचे सुके बोंबील कागदात बांधून गाडीत यायला लागले. पोरांच्या दप्तरांना वास लागला, दोन पालकांनी तक्रारही केली. बाबांनी दिवाळीत फराळ पाठवला. मेस्त्रींनी नाताळात केक पाठवला. ठोकळ्यांतले दोन आमच्याकडेच राहिले, ते नेण्यासाठी बाबांनी निरोपावर निरोप धाडले.

नात शाळा संपवून कॉलेजला गेली तेव्हा बाबा एकदा वही काढून बसले, कुणाचं कुणाकडे किती निघतं ते मांडायला. आईने वही बंद केली.

“उगाच हिशोब पुरा करू नका,” ती म्हणाली. “बोंबील बंद होतील.”