चाक आणि चावी

मोट थांबलेली ज्या पिढीने पाहिली, तिला ऑइल इंजिनाचा आवाज समजावून सांगावा लागत नाही. विहिरीच्या थारोळ्याशेजारी पत्र्याचे खोपट, त्यात काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसविलेले ते काळपट हिरवे धूड, दोन्ही अंगांना एकेक अवजड चाक आणि दूरवरच्या शिवारापर्यंत ऐकू जाणारी ती संथ, एकसुरी ठकठक. इंग्लंडमधील डर्सली येथील लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास हा नमुना बाजारात आणला. एकच उभे सिलिंडर, पाच अश्वशक्ती, मिनिटाला सहाशे फेरे. पुढे राजकोटच्या लहानमोठ्या कारखान्यांनी त्याच्या हुबेहूब प्रती ओतल्या आणि त्या देशभर गेल्या. मूळ कंपनीने १९८७ साली हे इंजिन बनविणे थांबविले, राजकोटची इंजिने मात्र त्यानंतरही निघत राहिली. आमच्या धाकट्या बहिणीच्या शेतावरचे इंजिन त्याच कुळीचे.

बहिणीचे सासर वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाला लागून असलेल्या पट्ट्यात. बोर अभयारण्य १९७० सालचे. २०१४ साली त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. याचा शेतकऱ्याच्या संसाराशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध विजेचा आहे. शेतीच्या पंपांना वीज पाळीने मिळते आणि अनेकदा ती पाळी रात्रीची असते. हरभऱ्याला पाणी द्यायचे तर रात्री विजेरी घेऊन बांधाबांधाने फिरावे लागते. शेजारच्या शिवारात वाघाने गाय मारल्यापासून बहिणीच्या जिवाला रात्रभर घोर असे. मेहुणे चार वर्षांपूर्वी गेले. भाचा एकुलता एक. "दादा, पीक गेलं तरी चालेल, पण रात्री पोराला वावरात पाठवणार नाही," असे तिने आम्हा दोघा भावांना निक्षून सांगितले. मेहुण्यांच्या मागे बंद पडून राहिलेले ते डिझेल इंजिन पुन्हा चालू करावे, म्हणजे दिवसा पाणी देता येईल, असे मग ठरले. भंगारवाला दोनदा येऊन चाकांवर हात फिरवून गेला होता. त्याच्याशी सौदा झाला असता तर पैसे त्याच दिवशी हाती पडले असते.

इंजिनाचा पिस्टन आणि डोके भाच्याने व त्याच्या मित्राने सहज खोलले. आतला मुख्य शाफ्ट, म्हणजे क्रँक, व त्याची बेअरिंगे बाहेर काढायची तर आधी चाक उतरविणे भाग होते. घोडे तेथे अडले.

या चाकाला इंग्रजीत फ्लायव्हील आणि पाठ्यपुस्तकात गतिपालक चक्र म्हणतात. चार टप्प्यांच्या इंजिनात शाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोटाचा जोर मिळतो. उरलेले तीन टप्पे चाकाने साठवून ठेवलेल्या गतीवर निभावतात. म्हणूनच ही चाके इतकी अवजड असतात. चाक शाफ्टवर घट्ट राहावे म्हणून दोहोंना मिळून एक खाच असते आणि त्या खाचेत बाहेरून पोलादी चावी ठोकलेली असते. ही चावी म्हणजे एक निमुळती पाचरच होय. शंभर मिलिमीटर लांबीत तिची जाडी एक मिलिमीटरने कमी होत जाते. आतले टोक बारीक, बाहेरचे जाड, आणि धरून ओढता यावे म्हणून त्याला एक डोके. या चावीवर चार पावसाळ्यांचा गंज चढला होता.

मुलांनी पुलर आणला. मध्ये मळसूत्राचा दांडा आणि बाजूंना आकडे असलेले हे हत्यार मोटारींच्या दुकानात सर्वांच्या परिचयाचे असते. आकडे चाकाच्या आऱ्यांत अडकवून दांडा पिळला. चाक तसूभरही हलले नाही. दांड्याला लोखंडी नळी लावून दोघे लोंबकळले, तेव्हा एका आऱ्याच्या मुळाशी असा आवाज झाला की बहिणीने धावत येऊन त्यांचे हात धरले. चाक बिडाचे. पोलाद वाकून तरी इशारा देते, बीड तडकते.

त्या रात्री मस्कतला असलेल्या आमच्या पुतण्याला फोन लावला. तो तेथे मोटारींच्या दुरुस्तीच्या कामावर आहे आणि हौसेने रोटरी इंजिने खोलतो. फेलिक्स वान्केल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेतून हे इंजिन १९५७ साली एनएसयू कंपनीत प्रथम चालले. त्यात वरखाली होणारा पिस्टन नाही. एक तिकोनी रोटर लंबगोलसर पोकळीत फिरत राहतो. पुढे जपानच्या माझ्दा कंपनीने ते १९६७ च्या कॉस्मो गाडीत बसविले आणि १९९१ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत याच इंजिनाच्या बळावर जिंकली. त्याही इंजिनात फ्लायव्हील अडकून बसते, हे ऐकून आम्हांस उगाच बरे वाटले. तेथे शाफ्टचे टोकच निमुळते असते आणि चाक त्यावर चोपन्न मिलिमीटरच्या नटाने दाबलेले असते. एक मीटर लांब दांडीच्या टोकाला चाळीस-पन्नास किलो वजन लटकावे इतक्या जोराने तो नट आवळतात. पुतण्याने सांगितले, "काका, नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही. दोन-तीन आटे राहू द्यायचे. मग पुलरनं ताण द्यायचा आणि हातोड्याचा एक दणका. चाक तोफेसारखा आवाज करून सुटतं. नट नसेल तर थेट पायावर येतं." सल्ला अनुभवाचा होता. पण आमच्या शाफ्टला ना उतार होता ना नट.

दुसऱ्या दिवशी सेलूहून एक वयोवृद्ध मिस्त्री आले. एके काळी मेहुण्यांनी त्यांच्याकडूनच हे इंजिन बसवून घेतले होते. त्यांनी पुलर पाहिला, आऱ्याच्या मुळावर बोटाचे नख फिरवून तडा नाही याची खात्री केली, आणि म्हणाले, "ओढून काऊन राह्यले बाप्पा? जितकं ओढान तितकं थे धरते. आंधी आत ढकला त्याले."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. बाहेर काढायचे चाक आत ढकलायचे? मग त्यांनी अंगणातल्या धुळीत काडीने चावी काढून दाखविली. चावी बाहेरच्या बाजूला जाड. चाकातील खाचही बाहेरच्या बाजूला खोल. चाक बाहेर ओढले की खाचेचा उथळ भाग चावीच्या जाड भागावर चढतो आणि पाचर अधिकच आवळते. तेच चाक जरासे आत सरकले तर खोल भाग बारीक भागावर येतो आणि चावी मोकळी होते. एवढे साधे भूमितीचे गणित. आम्हा दोघांतला एक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. त्याने ती काडी हातात घेऊन तीच आकृती दोनदा पुन्हा काढली.

तरीही घाई नव्हती. एक दिवस फक्त रॉकेल आणि तेल यांचे मिश्रण चावीच्या फटीत थेंब थेंब सोडले. तिसऱ्या दिवशी चाकाच्या तुंब्याभोवती गोणपाट गुंडाळून बहिणीने चुलीवरचे उकळते पाणी त्यावर ओतायला सुरुवात केली. पाणी का, गॅसची ज्योत का नाही, असे भाच्याने विचारले. मिस्त्रींचे उत्तर असे की ज्योत एकाच जागी चावते, पाणी सगळीकडून ऊब देते. हिशेब केला तर दोन इंची भोक ऐंशी अंशांनी तापले असता सुमारे चार शतांश मिलिमीटरने मोठे होते. डोक्यावरच्या केसाच्या जाडीहूनही ते कमी. पण शाफ्ट गार असताना तेवढेही गंजाची पकड ढिली करते.

मग शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला मिस्त्रींनी एक जड घण टेकवून भाच्याला घट्ट धरायला लावला, जेणेकरून धक्का बेअरिंगाने न खाता घणाने खावा. चाकाच्या तुंब्यावर, आऱ्यांवर नव्हे आणि कडेवर तर नव्हेच, बाभळीचा ठोकळा ठेवला आणि हातोडा मारला. पहिले तीन ठोके बोदे वाजले. चौथ्याला आवाज बदलला. तो बदल कसा वर्णावा? भरल्या घागरीवर आणि रिकाम्या घागरीवर टिचकी मारल्यासारखा फरक, एवढेच म्हणता येईल. चाक एखादे सूत आत गेले होते. चावीच्या डोक्यामागे पातळ पाचर सरकवून तिला दोनदा ठोकताच चावी बाहेर आली, लालसर धुळीने माखलेली, आणि बहिणीने ती पदरात घेतली. मेहुणे हयात असताना शेवटची ती त्यांच्याच समोर ठोकली गेली होती. हे तिने सांगितले नाही, आम्हांस ठाऊक होते.

पुढचे काम सर्वसाधारण होते. बेअरिंगे बदलली, क्रँक घासून घेतला, पिस्टनच्या रिंगा नव्या घातल्या. सामानासाठी वर्ध्याला दोन खेपा झाल्या. त्यांतली एक खेप दुकान उघडायच्या आधीच पोहोचल्यामुळे आम्ही मगनवाडीत मगन संग्रहालय पाहून आलो. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार जे. सी. कुमारप्पा यांनी याच मगनवाडीतून चालविला. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातले, हिशेब तपासनीसाचे शिक्षण घेतलेले आणि येशूच्या शिकवणुकीवर तुरुंगात पुस्तक लिहिणारे हे गृहस्थ आपल्या समाजाला अधिक ठाऊक असायला हवेत. खेड्यातील कारागिराच्या हातचे काम त्यांना अर्थशास्त्राचा विषय वाटे, दयेचा नव्हे. तेलाच्या इंजिनाबद्दल त्यांचे मत फारसे अनुकूल झाले नसते, असा आमचा अंदाज. पण ज्याने धुळीत काडीने आकृती काढली त्या मिस्त्रींना त्यांनी जवळ बसवून घेतले असते, याविषयी आम्हांस शंका नाही.

मिस्त्रींचा मुलगा बुटीबोरीच्या एका कारखान्यात पाळीवर आहे. त्याला हे काम येत नाही आणि यावे अशी त्याची इच्छाही नाही. वडिलांनाही त्याचे वाईट वाटत नसावे. निदान बोलण्यात तसे दिसले नाही. मजुरी मात्र त्यांनी रोख आणि पुरेपूर मागितली, हे आम्हांस आवडले.

चाक परत बसविताना जुनी चावी चालली नाही. नवी घेऊन त्यांनी तिला कानशीने घासले, निळा रंग लावून खाचेत घातली, बाहेर काढून डाग पाहिले, पुन्हा घासले. असे दहा-बारा वेळा. शेवटी ठोकली तेव्हा चावीचे डोके आणि तुंबा यांच्यामध्ये बोटभर फट त्यांनी मुद्दाम राखली. भाचा म्हणाला, आणखी ठोकून टेकवून टाकू. त्यांनी त्याचा हात बाजूला केला. "उद्या कोणाले काढा लागन तं पाचर कुठून घालन तो?" म्हणाले, आणि त्या फटीत बोटाने ग्रीस भरले.

हरभऱ्याला दुसरे पाणी दिवसा, दुपारी अकराला सुरू झाले. बहीण भाकरी घेऊन वावरात गेली आणि संध्याकाळपर्यंत परतली नाही. इंजिनाच्या आवाजात तिला हाक मारून उपयोग नव्हता.