दोन वर्षांचा हिशोब

परवा हिंजवडीत टपरीवर नेहमीचाच विषय निघाला. शेजारच्या टीममधल्या दोघांना नारळ मिळाला होता. "बाहेर निदान बेकारी भत्ता तरी असतो यार, आपल्याकडे घंटा!" असं एकजण म्हणाला. मी म्हटलं, "अरे, आपल्याकडेही सुरू झाला होता, फक्त आपल्यासाठी नव्हता." मग आमच्या कॅन्टीनमधल्या मावशींची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितोय.

गोष्ट २०२० ची. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलेलो. लॉकडाऊन लागला, आम्ही लॅपटॉप घेऊन घरी आलो आणि कॅन्टीन बंद पडलं. घरी बसून पोहे बनवता येत नाहीत ना! मावशींना ठेकेदाराने फोनवरूनच "येऊ नका" सांगितलं. ऑक्टोबरमध्ये त्यांचा मला फोन. "दादा, तुम्ही कॉम्प्युटरवाले. ईएसआयचे पैसे मिळतात म्हणे, तेवढा फॉर्म भरून द्या."

योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. २०१८ ची. मुळात पगाराच्या २५ टक्के रक्कम, ९० दिवसांपुरती, आयुष्यात एकदाच. अटही कडक: दोन वर्षं नोकरी आणि चारही सहामाहींत किमान ७८ दिवसांची वर्गणी. कोविडमध्ये नियम सैल केले. रक्कम ५० टक्के झाली, ९० ऐवजी ३० दिवसांनी अर्ज करता येऊ लागला, ७८ दिवस शेवटच्या सहामाहीत आणि आधीच्या तीनपैकी एकीत भरले तरी चालणार होतं. सगळ्यात भारी म्हणजे अर्ज मालकामार्फत पाठवायची गरज उरली नाही. ज्याने काढलं त्याच्याच दारात जायचं, ही कल्पना कुणाची होती कोण जाणे!

मावशींचा पगार १२ हजार. म्हणजे ९ हजारांचे १८ हजार झाले. मी खूश. लॉगिन केलं... आणि नोकरी फक्त दहा महिन्यांची दिसली.

मावशी त्याच शेगडीपुढे सहा वर्षं उभ्या होत्या. पण जून २०१९ मध्ये ठेकेदार बदलला आणि नव्याने जुना विमा क्रमांक विचारलाच नाही, सरळ नवा काढला. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच माणसाच्या दोन प्रायमरी की. क्वेरी बरोबर होती हो, डेटाच तुटलेला! जुनं कार्ड शोधलं, सापडलं नाही. ठेकेदाराने फोन उचलला नाही. नोव्हेंबरमध्ये प्रतिज्ञापत्राची अटही गेली, पण आमचं गाडं दोन वर्षांवरच अडलेलं. दिवाळीनंतर मावशी गावी निघून गेल्या. जाताना उलट मलाच म्हणाल्या, "जाऊ द्या दादा, तुम्ही किती खटपट केलीत."

अट सोपी केली हे चांगलंच झालं. पण पात्रता मोजताना सरकारने माणूस नाही, क्रमांक मोजला. आणि तो क्रमांक बरोबर ठेवायचं काम ज्याच्याकडे होतं, त्याला तो चुकल्याचा काहीच त्रास नव्हता.

आपलं म्हणाल, तर तेव्हा २१ हजारांच्या वर पगार असलेला माणूस ईएसआयमध्येच बसत नव्हता. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नाही.

असो. तुमच्या सोसायटीचे वॉचमन काका, ऑफिसातल्या मावशी, यांना एकदा विचारून बघा: "ठेकेदार बदलला तेव्हा नंबर तोच राहिला का?" आणि जुनं कार्ड असेल तर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. मी सहा वर्षं रोज त्यांच्या हातचे पोहे खाल्ले असते तरी हे विचारलं नसतं, हे मात्र खरं.