आईचे हात आणि माझा चेहरा

इथे सगळे गणपतीच्या, शाळेच्या, जुन्या घरांच्या आठवणी लिहितात. मी आज कातडीबद्दल लिहिणार आहे. हसू नका. फोटो मात्र टाकणार नाही.

माझं माहेर पेडण्याचं. मार्चपासून पावसापर्यंत आमच्या घरात काजूशिवाय दुसरा विषय नसायचा. बोंडं भाटीवाल्याकडे जायची, आणि हिरव्या बिया आई विळीवर चिरून ओले गर काढायची, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासाठी. बसण्याआधी ती हातांना खोबरेल चोपडायची, तरी टरफलातला चीक लागायचाच. दोन दिवसांत बोटं काळी पडत, मग सालपटं निघायला लागत. मे महिन्यात तिचे तळवे जुन्या भिंतीच्या पोपड्यांसारखे दिसायचे.

सातवीत असताना शाळेच्या कार्यक्रमात मला निबंधाचं बक्षीस मिळालं. आई आली होती. फोटोवाल्याने आम्हाला शेजारी उभं केलं तेव्हा तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

१९९६ साली लग्न होऊन डिचोलीला आले. त्या काळातली डिचोली आठवते ना? सारमानसच्या धक्क्याकडे जाणारे खनिजाचे ट्रक, आणि दारावर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर तांबडी धूळ. संध्याकाळी तोंड पुसलं की टॉवेल लाल. माझी कातडी लहानपणापासून लाजाळूच्या झाडासारखी, पण धूळ काढायची तर घासलंच पाहिजे, हे डोक्यात पक्कं. मसूरडाळीचं पीठ, पुढे अक्रोडाच्या रव्याचा स्क्रब, आणि अधूनमधून लिंबू. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, धूळ कमी झाली, घासणं सुटलं नाही. सवय हो!

दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाआधी मुलगी घरी आली होती. तिच्या डब्यात ग्लायकोलिक ॲसिडची बाटली. "आई, ॲसिडने मेलेली कातडी सुटते, घासावं लागत नाही." एवढंच मी ऐकलं. "दोन-तीन थेंब, तेही आठवड्यातून एकदा" हे पुढचं वाक्य माझ्या कानात शिरलंच नाही. रात्री आधी स्क्रब केला, मग तळहातभर ओतून चोळलं. झोंबलं तेव्हा म्हटलं, काम करतंय. दुसऱ्या दिवशी शिरगावला लईराईच्या जत्रेला गेले, वैशाखाच्या उन्हात, डोकं उघडं. निखाऱ्यांवरून चालून आलेले धोंड माझ्यापेक्षा ताजेतवाने दिसत होते. संध्याकाळपर्यंत गाल तापलेल्या तव्यासारखे, तिसऱ्या दिवशी सालपटं. लग्न नऊ दिवसांवर.

मी पेडण्याला पळाले. आईने दारातच विचारलं, "गो बाय, तुवें तोंडाक किते केलें?" मी रडत सगळं सांगितलं. ती मला न्हाणीत घेऊन गेली, थंड पाण्याने तोंड धुवायला लावलं, आणि हात धरून ठेवला, कारण मी सुटलेलं साल नखाने ओढत होते. "चीक लागलो म्हण कोण हात घासता? कात आपशींच सुटता."

मग बांबोळीला गोमेकॉत गेले. रांग मोठी, पण तिथल्या डॉक्टर बाईंनी शांतपणे समजावलं, आणि गंमत म्हणजे सुरुवात आईच्याच वाक्याने केली. सहा आठवडे काही घासायचं नाही. सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन, बस. (भाचीच्या लग्नात मी पावडरसुद्धा न लावता गेले. कुणी काही म्हटलं नाही. विहिणीने विचारलं, पण ती विचारणारच.)

त्यांनी सांगितलेलं मला आवडलं म्हणून इथे लिहिते. आपल्या कातडीचा वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या चपट्या विटा, एकमेकींना चिकटलेल्या. ही आम्लं तो चिकटपणा सैल करतात, विटा ओरबाडत नाहीत. पण सगळी आम्लं सारखी नसतात. उसातही सापडणाऱ्या ग्लायकोलिकचा रेणू सगळ्यात लहान, त्यामुळे भरभर आत शिरतो आणि झोंबतो. लॅक्टिक, म्हणजे दह्यातलं, थोडं मोठं. कडू बदामापासून शोधलेलं मँडेलिक त्याहून मोठं, म्हणून सावकाश. आणि ग्लुकोनोलॅक्टोन नावाचं पीएचए तर आणखी मवाळ, पाणीही धरून ठेवतं. नाजूक कातडीने या मागच्या बाकांवरच्यांशी मैत्री करावी. लिंबाचं नावच नको: त्याचा पीएच दोनच्या आसपास, कातडीचा साधारण पाच, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे डाग, फोडसुद्धा येतात.

लॅक्टिक ॲसिड १७८० साली शेले नावाच्या स्वीडिश रसायनज्ञाने आंबलेल्या दुधातून वेगळं काढलं. माशाच्या खवल्यांसारखी कातडी होण्याच्या रोगावर ही आम्लं चालतात, हे व्हॅन स्कॉट आणि यू या दोघांनी १९७४ मध्ये छापलं. म्हणजे आधी रोग्यांसाठी, मग आमच्या नटण्यासाठी. आजीचं मसूरडाळ-दह्याचं उटणं आठवलं. त्यातलं दही बरोबर होतं, चोळणं जास्त होतं. अर्थात दह्यात आम्ल जेमतेम एक टक्का, तेव्हा फार अपेक्षाही नको.

सहा आठवड्यांनंतर सुरू केलं ते पाच टक्के लॅक्टिक. आधी कानामागे लावून दोन दिवस वाट पाहिली. आता बुधवारी आणि रविवारी रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वर मॉइश्चरायझर. त्या रात्री दुसरं काही नाही, आणि सकाळी सनस्क्रीन पावसातही.

डॉक्टर बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. काजूच्या चिकातही आम्लच असतं, ॲनाकार्डिक नावाचं. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, म्हणून तो चीक तसा भाजतो. हे ऐकलं तेव्हा मला आईचे हात दिसले.

घरी आल्यावर तिला त्या कार्यक्रमाचं विचारलं. वाटलं, विसरली असेल. ती अठ्ठ्याहत्तरची आहे. म्हणाली, "तुका लज दिसतली म्हणून हात लिपयले." मग उठून गायीला चारा घालायला गेली.

तिचे तळवे अजून खरखरीत आहेत, टाचा तर भिंडेल चोळूनसुद्धा भेगाळतात. डॉक्टरांना विचारून तिच्यासाठी लॅक्टिक आणि युरियाचं लोशन आणलं. महिन्यातून दोन रविवार पेडण्याला जाते तेव्हा मीच लावते, बोट न् बोट धरून. पहिल्यांदा लावलं तेव्हा तिने हात नाकाशी नेला आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"दह्याचें म्हणटा, मागीर आंबट वास कसो ना गो?"