देवराष्ट्र्याची घरची जीप

वाचकहो, सागरेश्वर अभयारण्य पाहायला जाल तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी घटकाभर थांबा. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव २०२१ साली एका चारचाकीने गाजले. इथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून छोटी जीप जुळवली. खर्च सुमारे साठ हजार, आणि चालू करायची दुचाकीसारखी किक मारून! ती नियमांत बसत नाही, रस्त्यावर अडवली जाईल, हे ओळखून आनंद महिंद्रांनी २०२२ च्या जानेवारीत तिच्या बदल्यात बोलेरो दिली.

तुमच्या घरातल्या पोरांनाही आता हुरूप येईल. येऊ द्या. ट्रॉलीचा फाळका ठोकणारा हात गाडीचा पत्राही ठोकतो. मात्र गंज पुरता घासून काढा, मगच रेड ऑक्साइड लावा. पातळ पत्रा सलग जोडू नका, तो तापून लाटा घेतो. अंतराअंतरावर टाके घाला. आणि नोंदणीच्या गाडीचा सांगाडा बदलायचा तर आधी परिवहन कार्यालयात विचारा.

देवराष्ट्र्याहून निघताना एका पोराने माझ्या जुन्या जीपचे दार वाजवले. "साहेब, खालून सडलंय." खरेच सडले होते.