चाळीसगावची वाट आणि चाकातला आवाज

छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) चाळीसगावला जाणारा रस्ता आम्हाला एसटीच्या खिडकीतून पाठ झालेला आहे. दौलताबादचा किल्ला मागे पडला की खुलताबादचा चढ लागतो. मग वेरूळ, मग कन्नड आणि पुढे औट्रम घाट. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव लागलेला हा घाट उतरला की मराठवाडा संपतो आणि खानदेश सुरू होतो. गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी याच रस्त्याने आम्ही सहकुटुंब निघालो, तेव्हा प्रथमच एसटीच्या खिडकीऐवजी स्वतःच्या गाडीचे स्टिअरिंग हाती होते.

चाळीसगावच का, असे कोणी विचारील. ऑक्टोबर १९२९ मध्ये याच गावी बाबासाहेबांचा टांगा उलटून त्यांचा पाय मोडला होता. आईला ते गाव पाहायचे होते. चैत्यभूमी झाली, दीक्षाभूमी झाली, महाडही झाले. चाळीसगाव मात्र इतके जवळ असून राहून गेले होते. येताना पितळखोऱ्याची लेणीही पाहायची, असा बेत ठरला.

गाडी जुनीच, पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली. आमच्या गल्लीतली पहिली. निघण्याच्या पंधरा दिवस आधीपासून तिला एक खोड लागली होती. सरळ चालताना गप्प, पण स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून वेग दिला की पुढच्या चाकातून ‘कट्-कट्-कट्-कट्’ असा आवाज येई. गाडी सरळ झाली की आवाज बंद.

या आवाजावर आम्ही आणि आमच्या हितचिंतकांनी मिळून तीन उपाय केले. शेजारच्या एका गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितले, "पॉवर स्टिअरिंगचं ऑइल कमी झालंय, टाकून घ्या." आम्ही बॉनेट उघडून ऑइलची टाकी शोधली, ती सापडलीच नाही. आमच्या मेहुण्यांनी बंपरला लिंबू-मिरची बांधली. "दाजी, नवीन वस्तूला नजर लागतेच," असे त्यांचे म्हणणे. सौ.ने ती त्याच संध्याकाळी सोडून टाकली आणि भावाला बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली. तिसरा उपाय आमचा स्वतःचा आणि सर्वांत वाईट. आम्ही गाण्यांचा आवाज वाढवला!

गॅरेजात का गेलो नाही, तर खोटी प्रतिष्ठा. गाडी घेतल्यावर गल्लीत पेढे वाटले होते. तीच गाडी दोन महिन्यांत गॅरेजात दिसली तर लोक काय म्हणतील, ही भीती. निघण्याच्या सकाळी तर वस्तीतली पोरे निरोपाला उभी होती. तेव्हा ‘गाडीत बिघाड आहे’ हे शब्द तोंडातून निघणे कठीणच होते.

खुलताबादच्या चढावर प्रत्येक उजव्या वळणाला तो आवाज ऐकू येऊ लागला. वेरूळला चहासाठी थांबलो आणि निघताना गाडी वळवली, तर तिथल्या चहावाल्यानेही मान वर करून पाहिले. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "कटकट काय करायलीय रे गाडी?" आम्ही म्हणालो, "काही नाही, रस्ता खराब आहे." रस्ता तर चांगला होता. आई पुढे काही बोलली नाही, पण तिने नातवाला जवळ ओढून घेतले. आरशात ते आम्हाला दिसले आणि कन्नड येताच आम्ही गाडी रस्त्याकडेच्या पहिल्या गॅरेजात घातली.

मिस्त्री पन्नाशी उलटलेले, मुसलमान गृहस्थ. त्यांनी प्रथम गाणी बंद केली. "साहेब, गाडी बोलतेय, तर तिचं ऐका की. वरून गाणी कशाला लावता?" मग गाडीला हात लावण्याआधी त्यांनी प्रश्न विचारले. आवाज कधी येतो? उभ्या गाडीत की चालत्या? डावीकडे की उजवीकडे? एकदाच ‘खट्’ होतो की सतत कटकटतो? वेग वाढला की वाढतो का? सांगायला लाज वाटते, पण पंधरा दिवस आवाज ऐकूनही यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे आमच्यापाशी नव्हती.

शेजारच्या मोकळ्या मैदानात त्यांनी गाडी नेली. चारही काचा खाली. पहिल्यांदा गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. नंतर अगदी सावकाश उजवीकडे गोल, मग डावीकडे गोल. एकदा त्यांचा पोरगा गाडी चालवीत होता आणि ते बाहेर वाकून ऐकत होते. ऐकता ऐकता ते आम्हाला एकेक आवाज समजावून देत होते. तो धडा वाचकांसाठी इथे देतो.

उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना कर्रर्र किंवा टण्ण असे वाजले, तर पुढच्या शॉकअपचे वरचे माउंटिंग किंवा त्यातले बेअरिंग पाहावे. वळताना किंवा खड्ड्यातून जाताना एकदाच ‘खट्’ झाले, तर खालच्या आर्मचा बॉल जॉइंट किंवा टाय रॉडचा शेवट ढिला झालेला असू शकतो. वेगात घूंऽऽ असा घुमणारा आवाज येत असेल आणि गाडी एका बाजूला झुकली की तो कमी-जास्त होत असेल, तर चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. पूर्ण वळणावर घासल्याचा आवाज आला, तर टायर आतल्या प्लास्टिकच्या आवरणाला लागत नाही ना, ते बघावे. ज्या गाड्यांच्या स्टिअरिंगला तेलाच्या दाबाची मदत असते, त्या तेल कमी झाल्यावर वळताना विव्हळतात. "पण तुमच्या गाडीत तेल नाहीच. तिला विजेच्या मोटरची मदत आहे," मिस्त्री म्हणाले. शेजाऱ्यांची टाकी आम्हाला का सापडली नाही, ते आता उमगले.

मग गाडी जॅकवर चढली. मिस्त्रींनी चाक वर-खाली धरून हलवले, नंतर दोन्ही बाजूंनी धरून हलवले. वर-खाली खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, आडवा खेळ असेल तर बहुधा टाय रॉड. आमचे चाक दोन्हीकडून घट्ट होते. "हे बरं झालं," ते म्हणाले. "बॉल जॉइंट निसटला तर चाकच आडवं पडतं, मग स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं." मग त्यांनी डाव्या चाकामागे बॅटरीचा उजेड टाकला. रबरी बूट उभा चिरलेला आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे फराटे उडालेले.

दोष होता तो इथे. अशा गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. त्या चाकांनी फिरायचेही आणि वळायचेही. ही दोन्ही कामे एकदम व्हावीत म्हणून एक्सेलच्या टोकाला पोलादी गोळ्यांचा जॉइंट असतो. गोळ्या ग्रीसमध्ये राहाव्यात म्हणून त्यावर रबरी बूट असतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते, पाणी आणि माती आत जाते आणि गोळ्यांची घरे झिजतात. उजवीकडे वळताना गाडीचा भार बाहेरच्या म्हणजे डाव्या चाकावर येतो, म्हणून उजव्या वळणाला डावा जॉइंट कटकटतो. आवाज सुरू होण्याआधीच बूट दिसला असता, तर नवा बूट आणि थोडे ग्रीस एवढ्यावर भागले असते. आता आख्खा जॉइंट बदलणे आले.

"घाट उतरून जाऊन येता येईल का?" आम्ही विचारले. मिस्त्रींनी एकदा आमच्याकडे आणि एकदा आईकडे पाहिले. "कदाचित महिनाभरही चालेल. पण येताना चढावर तुटला तर इंजिन फिरेल आणि चाक फिरणार नाही. गाडी मागं सरकेल आणि मागं ट्रक असेल. मी माझ्या आईला असं नेणार नाही." पार्ट शहरातून मागवावा लागणार होता. संध्याकाळ होणार होती.

आम्ही गप्प उभे राहिलो. चाळीसगावचे कार्यकर्ते वाट पाहत होते. ‘स्वतःच्या गाडीने येतो’ असे फोनवर दोनदा सांगून झाले होते. तेव्हा आईच म्हणाली, "एसटीनं जाऊ की. जन्मभर तिच्यातच बसलो, आजच काय झालं?"

आम्ही एसटीने घाट उतरलो. खिडकीतून सातमाळ्याच्या डोंगररांगा आणि खाली पसरलेला खानदेश दिसत होता. उजवे वळण आले की आमचे कान आपोआप टवकारत. चाळीसगावला कार्यकर्त्यांनी स्टेशनजवळ जय भीम केला. "गाडी कुठाय?" या प्रश्नाला आम्ही खरे ते उत्तर दिले. कोणी हसले नाही.

तिथून आम्ही नदीकाठापर्यंत चालत गेलो. चालता चालता मुलांना १९२९ चा प्रसंग सांगितला. बाबासाहेब तेव्हा मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य होते. धुळे मार्गावरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. महारवाडा स्टेशनपासून सुमारे दोन मैलांवर, नदीपलीकडे. स्टेशनवर टांगे पुष्कळ, तरी त्यांना तासभर थांबावे लागले. मग टांगा आला. दोनशे पावलेही गेला नसेल, तोच तो एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या कठडे नसलेल्या मोरीकडे जायला काटकोनात वळायचे होते. त्या वळणावर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आपटले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासह टांगा नदीत कोसळला.

बाबासाहेब नशिबाला बोल लावून थांबले नाहीत. टांगे त्या मोरीवरून रोज जातात, मग आजच असे का, हे त्यांनी विचारून काढले. तेव्हा कळले की अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. पाहुण्याने पायी यावे, हे आपल्या लोकांना अपमानाचे वाटले. म्हणून तडजोड झाली. टांगा भाड्याने घ्यायचा, हाकायचा मात्र आपल्यापैकीच कोणीतरी. हाकणाऱ्याला टांगा हाकणे येत नव्हते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हे सारे लिहून ठेवले आहे. टांगेवाल्यांचा जातीचा माज त्यांनी स्पष्ट दाखवला आहेच. त्याचबरोबर माझ्या प्रतिष्ठेपायी माझ्या लोकांनी माझाच जीव धोक्यात घातला, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे.

हे सांगताना आमचाच आवाज घोगरा झाला. त्या लोकांचा मोठेपणा असा की त्यांच्यापुढे सन्मानाचा दुसरा रस्ताच जातीने ठेवला नव्हता. त्यांची चूक प्रेमापोटी झाली. आमच्यापुढे मिस्त्री होता, एसटी होती, पैसे होते. तरीही सकाळी आम्ही गल्लीतल्या अब्रूसाठी आई आणि लेकरांना कटकटणाऱ्या गाडीत बसवले होते. टांग्याला पहिला इशारा दोनशे पावलांत मिळाला होता. आम्हाला पंधरा दिवस मिळत होता.

रात्री कन्नडला परतलो आणि एका परिचितांकडे मुक्काम केला. मिस्त्रींनी जुना जॉइंट कागदात बांधून ठेवला होता. त्यांनी तो मुलांना उघडून दाखवला. पोलादाच्या खाचा बोटाला लागतील इतक्या खोल झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पितळखोऱ्याला गेलो. वळणे पुष्कळ होती, पण गाडी एकदाही बोलली नाही. दरीत उतरणाऱ्या पायऱ्या आई बसत बसत उतरली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरायला घेतलेली ही लेणी. दगडी हत्तींची रांग, चैत्यगृहातले रंगांचे अवशेष. इथे सापडलेली एक यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ती घडवणाऱ्या कण्हदास या सोनाराचे नाव कोरलेले आहे. राजाचे नव्हे, कारागिराचे! आम्हाला कन्नडच्या मिस्त्रींचे काळे हात आठवले.

चैत्यासमोर बुद्धवंदना झाल्यावर मेहुणे हळूच म्हणाले, "दाजी, लिंबू बूट शिवत नाही हे कळलं." आम्ही म्हणालो, "गाणीही शिवत नाहीत." दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर करता येते आणि त्याचा मार्ग आहे, हे आपण विहारात दर रविवारी ऐकतो. मिस्त्रींनी ते मैदानात करून दाखवले.

वाचक बंधू-भगिनींनो, आज आपल्या वस्त्यांत गाड्या येत आहेत, रिक्षा आणि टेम्पोवर कुटुंबे उभी राहत आहेत. आनंदाची गोष्ट आहे. एवढेच करा. महिन्यातून एकदा मोकळ्या जागेत काचा खाली करून गाडी डावीकडे आणि उजवीकडे गोल फिरवा. पुढच्या चाकांमागे बॅटरी लावून बूट पाहा. आवाज आला तर कधी, कुठे, कोणत्या वळणाला, ते वहीत टिपा आणि सांगायला लाजू नका. आपल्या गाडीत बसलेल्या माणसाचा जीव आपल्या अब्रूपेक्षा मोठा आहे. हे शिकवायला चाळीसगावला एकदा बाबासाहेबांचा पाय मोडला आहे. पुन्हा कोणाचा मोडायला नको.

जय भीम!